किरणं, काळं रान आणि पोटॅशची गोणी

उमरीच्या काळ्या रानात सीझियम-१३७ आहे म्हटलं की ऐकणारा दचकतो आणि विचारतो, "टाकलं कुणी?" बड्या राष्ट्रांनी. १९६३चा करार होईपर्यंत अणुचाचण्या सर्रास उघड्या हवेत व्हायच्या. त्यांची धूळ पावसाबरोबर जगभर उतरली. दर तीस वर्षांनी हे किरणोत्सारी सीझियम निम्मं होतं. तेव्हा पडलेल्यातलं आज जेमतेम चौथाई उरलंय.

मग ते उडदात, सोयाबीनमध्ये उतरतं का? 'जमिनीत पडलं ते ताटात आलं' हाच सगळ्यात मोठा गैरसमज. मुळाला किरणं कळत नाहीत, रसायन कळतं. सीझियम त्याला पोटॅशियमसारखं वाटतं, त्याच धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं. रानात पोटॅश पुरेसं असलं की मूळ सीझियम कमी उचलतं. २०११च्या अणुभट्टी अपघातानंतर फुकुशिमाच्या भातखाचरांत पोटॅश टाकलं ते याचसाठी. शिवाय चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. पावसात चपलेला किलोभर चिकटून येणारी आपली माती त्यालाही सहजी सोडत नाही. चुनखडी असेल तर स्ट्रॉन्शियमचीही वाट अवघड होते. रेताड जमिनीतलं पीक यापेक्षा जास्त उचलतं.

मात्र माती धरते म्हणून ते जागेवर राहतं असंही नाही. मातीच हलते! उताराच्या रानातून पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पाणी निघतं, तेव्हा बारीक कणांना चिकटून सीझियमही निघतं आणि खालच्या बांधाच्या कोपऱ्यात गाळात बसतं. जमिनीची धूप किती झाली, हे शास्त्रज्ञ याच सीझियमवरून काढतात.

अणुभट्टीच्या अपघातानंतरचे पहिले दिवस मात्र वेगळे. तेव्हा मुळांपेक्षा पानांची काळजी. पानावरची धूळ बरीचशी धुता येते, मुळातून आलेलं धुऊन जात नाही. १९८६ला चेर्नोबिलनंतर आयोडीन-१३१ गवतावरून गाईत, गाईच्या दुधातून लेकरांच्या थायरॉइडपर्यंत पोचलं. आठ दिवसांत निम्मं होणारं, पण दूध रोजचं.

आणि 'किरणं मारलेलं बियाणं'? टीएयू-१ हा उडीद भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या उत्परिवर्तनाच्या कामातून आला, १९८५ला. किरणांनी बियाण्याचा गुण बदलतो, किरणं त्यात उरत नाहीत. उन्हात वाळवलेल्या मिरचीत ऊन साठतं का?

खरी किरणोत्सारी वस्तू खताच्या दुकानात आहे. पोटॅशियम निसर्गतःच थोडं किरणोत्सारी असतं. पन्नास किलोच्या पोटॅशच्या गोणीत दर सेकंदाला साडेसात लाखांवर अणू फुटतात. त्याच गोणीवर बसून गिऱ्हाईक निवांत चहा पितं, आणि त्याला काही होत नाही.