समजून घ्या : ओल्या कचऱ्यापासून गॅस मिळतो, पण मागे उरलेल्या पाण्याचे काय?

हॉटेलातले उरलेले अन्न, मंडईतला भाजीपाला बायोगॅस प्रकल्पात टाकला की गॅस मिळतो. मात्र टाकीतून शेवटी गढूळ, उग्र वासाचे पाणीही बाहेर पडते. त्यात भरपूर अमोनिया असतो. ते तसेच नाल्यात सोडले, तर कचऱ्याचा प्रश्न नदीच्या गळ्यात पडतो.

अमोनिया येतो कुठून?

डाळ, पनीर, अंडी, मांस यांतील प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. बंद टाकीत जिवाणू अन्न कुजवतात, तेव्हा बराचसा कार्बन मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. नायट्रोजन मात्र अमोनियाच्या रूपात पाण्यातच राहतो. त्याचे प्रमाण अनेकदा लिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या वर जाते. भारतात नदी-नाल्यांत सोडण्याच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे ५० मिलिग्रॅम.

धोका काय?

अमोनिया माशांसाठी विषारी असतो. नायट्रोजन वाढला की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते, पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

तो काढतात कसा?

काम जिवाणूच करतात, दोन टप्प्यांत. आधी टाकीत हवा सोडली जाते. तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. मग हवा नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हवेत ७८ टक्के हाच वायू असतो, त्यामुळे तो सोडून देता येतो.

मग अडचण कुठे?

एक किलो अमोनिया-नायट्रोजनसाठी सुमारे ४.६ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे विजेचा मोठा खर्च. दुसऱ्या टप्प्यातील जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बन लागतो आणि तो तर गॅसबरोबर आधीच गेलेला असतो. मग मिथेनॉलसारखे रसायन विकत आणा किंवा थोडा ओला कचरा इकडे वळवा. कचरा वळवला की तेवढा गॅस कमी.

जवळची वाट आहे का?

आहे, ‘ॲनामॉक्स’ जिवाणूंची. निम्म्याच्या आसपास अमोनियाचे नायट्राइट केले की हे जिवाणू उरलेला अमोनिया आणि नायट्राइट यांचा थेट नायट्रोजन वायू करतात. हवा बरीच कमी लागते, बाहेरचा कार्बन लागत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००२मध्ये याचा पहिला पूर्ण क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. मात्र हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नायट्राइट जास्त झाले की त्यांचे काम मंदावते.

दक्षिण कोरियात काय झाले?

तिथे २००५पासून अन्नकचरा थेट जमिनीत गाडण्यावर बंदी आली. प्रक्रियेतून निघणारे पाणी मात्र समुद्रात टाकले जात होते. २०१३पासून तेही थांबले. मग जमिनीवरच शुद्धीकरण करण्यावाचून पर्याय उरला नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचे काय?

शेती जवळ असेल, तर हे पाणी बेताने खत म्हणून वापरता येते. शहरात ती सोय नसते. म्हणून प्रकल्प रोज किती टन कचरा घेतो, यासोबतच त्याचे पाणी कुठे जाते, हेही विचारायला हवे.