हप्ता थकला म्हणून गिरणी उचलून नेता येते का?

आमच्या गटाने भाडे-खरेदीवर पिठाची गिरणी घेतली होती. दोन हप्ते थकले आणि एका सकाळी टेम्पो घेऊन माणसं दारात आली. आम्ही नोटीस मागितली. ती त्यांच्याकडे नव्हती. माणसं परत गेली, पण आमची झोप उडाली. मग जे शिकलो, ते आज सांगतो.

भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्राची मालकी कंपनीची असते. करारात तसं कलम असेल, तर थकबाकीपोटी ती यंत्र परत नेऊ शकते. पण दमदाटी चालत नाही. वसुलीसाठी गुंड वापरू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावलं आहे.

वित्त कंपनीच्या करारात ताब्याआधी किती दिवसांची नोटीस द्यायची आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी द्यायची, हे लिहिलेलं हवं. तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून कराराची प्रत आधी मागून घ्या. आम्ही ती उशिरा मागितली.

कोणी आलं तर ओळखपत्र बघा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पावत्या जपा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वकील लागलाच तर १९८७ च्या कायद्याने बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन लावा १५१०० वर.

हप्ता चुकवू नका, पण चुकला तर घाबरूही नका.