आपले गाव, आपली शाळा

मृगाच्या सरी पडू लागल्या की घरोघरी दोन चिंता एकदमच सुरू होतात: एक बियाण्याची, दुसरी मुलांच्या शाळेची. बाजारहत्नूरच्या पंचक्रोशीत ही दुसरी चिंता अधिकच बिकट आहे. येथे कित्येक घरांत चुलीपाशी मराठी बोलली जाते, गोंडांच्या गुड्यांत गोंडी, तांड्यावर लंबाडी. फळ्यावर मात्र बहुधा तेलुगू, आणि अलीकडे इंग्रजीही. ऐपतीचा बाप मुलाला खासगी शाळेच्या गाडीत बसवून मोकळा होतो. मागे उरतात ती गरिबाची लेकरे. पट घटला की शिक्षक घटतात, आणि शिक्षक घटले की आणखी पालक पाठ फिरवतात. अशा रीतीने सरकारी शाळा कोणी बंद न करताच बंद पडू लागते.

सरकारने हात दिला तर अशी शाळा सावरते काय? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

१९४० साली कुमरम भीम यांचा जोडेघाटचा लढा निजाम सरकारने बंदुकीच्या बळावर मोडून काढला. तथापि त्या असंतोषाचे मूळ शोधण्याची बुद्धीही त्यास झाली, आणि ते काम मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांजकडे आले. हे ऑस्ट्रियन गृहस्थ पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई गावी गोंडांमध्ये राहिले. त्या काळी रानातल्या गावी बाहेरचा शिक्षक टिकत नसे, आणि टिकला तरी मुलांची बोली त्यास कळत नसे. म्हणून १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले. थोडेफार मराठी वाचता येणारे मोजके गोंड तरुण निवडून त्यांनाच अध्यापन शिकविण्यात आले, आणि मुलांसाठी गोंडीची पहिली पुस्तके देवनागरी लिपीत सिद्ध झाली. म्हणजे सरकारने तेथे इमारतीपासून नव्हे, तर शिक्षकापासून आणि मुलाच्या भाषेपासून आरंभ केला. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, तेलुगू हे शिक्षणाचे माध्यम झाले आणि ती पुस्तके मागे पडली. हायमेनडॉर्फ पतिपत्नींच्या समाध्या मात्र आजही मारलवाईत आहेत, आणि लोक त्या आदराने जपतात.

दुसरा प्रयत्न अलीकडचा. मार्च २०२२ मध्ये तेलंगणा सरकारने ‘मन ऊरु, मन बडी’, म्हणजे ‘आपले गाव, आपली शाळा’, ही योजना सुरू केली. तीन टप्प्यांत २६,०६५ शाळा सुधारावयाच्या आणि सुमारे ७,२८९ कोटी रुपये खर्चावयाचे, असा तो संकल्प होता. पाण्यासह शौचालये, पिण्याचे पाणी, वीज, बाके, फळे, कुंपणभिंत, स्वयंपाकघर, वर्गखोल्या अशी बारा प्रकारची कामे तीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये शासन बदलले, तेव्हा कित्येक ठिकाणची कामे अपुरीच होती. नव्या शासनाने २०२४ साली ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या नेमून शाळांच्या दुरुस्तीत बचतगटांच्या महिलांना पुढे केले, आणि त्याच वर्षी ११,०६२ शिक्षकपदांच्या भरतीची जाहिरातही काढली.

या कामांना कोणी क्षुल्लक लेखू नये. पाण्याची सोय असलेले शौचालय नाही म्हणून वयात आलेली मुलगी घरी बसते, हे आपण सारेच जाणतो. परंतु रंगविलेल्या भिंती मुलाला वाचावयास शिकवीत नाहीत. जो शब्द त्याने घरी कधी ऐकला नाही, त्याचेच अक्षर पहिल्या दिवशी त्याच्यापुढे ठेवले, तर ते मूल पाठ घोकील. वाचील असे नाही. ‘इंग्रजीवाचून आज भागत नाही’, असे पालक म्हणतात, व ते खोटे नाही. या राज्यात राहावयाचे तर तेलुगूही यावयासच हवी. आमचे म्हणणे एवढेच की शिडीची पहिली पायरी मुलाच्या पायाला पोहोचेल अशी असावी. मारलवाईस तेवढेच केले होते.

कायदाही याच बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा सांगतो की शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून द्यावे. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, तसेच समितीतील निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात. याचा अर्थ असा की शाळेच्या कारभारात बोलण्याचा अधिकार आपणांस कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. सभेची सूचना आली की ‘शेतात काम आहे’ म्हणून आपणच तो सोडून देतो, आणि मग कागदावर अंगठा तेवढा उठतो.

सरकार येते, योजना आणते, आणि दुसरे सरकार तिचे नाव बदलते. गाव मात्र तेथेच राहते, आणि मुलेही. तेव्हा पुढील सभेस नवराबायको दोघांनीही जावे. भिंतीच्या रंगाची चौकशी अवश्य करावी, परंतु त्याआधी आपल्या मुलाचे पुस्तक बरोबर न्यावे, त्यास एक पान सर्वांसमक्ष वाचावयास सांगावे, आणि अडखळल्यास त्यावर न रागावता गुरुजींना नम्रपणे विचारावे: “याला वाचता यावे म्हणून आपण काय करू, आणि आम्ही काय करू?”