मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी : मिळकत आणि कर्ज

चेंबूरलगतचे माहुल हे मूळचे आगरी-कोळ्यांचे खाडीकाठचे गाव. १९५० नंतरच्या दशकात या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. आज ते भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्याकडे आहेत. पुढे शहरातील अनेक प्रकल्पग्रस्त कुटुंबेही येथील वसाहतीत आली. कारखान्याच्या दाराशी वाढलेल्या तरुणांस त्याच्या कार्यालयात बसण्याची आकांक्षा वाटावी, हे स्वाभाविकच होय. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीकडे त्यांचा ओढा असतो तो यामुळेच.

या व्यवसायाचा उगम मुंबईच्या गिरण्यांत आहे. तेथे कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे आणि नोकरीसाठी त्याचे हात ओले करावे लागत. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. माहुलपासून जवळच, देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था या क्षेत्रातील पदव्युत्तर शिक्षणासाठी ख्यातनाम आहे.

‘पदव्युत्तर’ हा शब्द येथे महत्त्वाचा. सार्वजनिक तेल कंपन्या मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या पदासाठी सामान्यतः पदव्युत्तर पात्रता मागतात. केवळ पदवीधराच्या वाट्याला बहुधा हजेरीपट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे किंवा भरती करणाऱ्या एजन्सीतील दूरध्वनीचे काम येते. पहिली मिळकत त्या मानानेच असते. मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन पदवीत मनुष्यबळ हा विषयगट निवडता येतो. परंतु हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने त्याचे शुल्क साध्या वाणिज्य शाखेहून बरेच अधिक असते.

शुल्कासाठी कर्ज काढल्यास काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. तीन वर्षे प्रत्येक वर्षाच्या आरंभी एक लाख रुपये घेतले, व्याज दहा टक्के सरळ आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत, असे धरले तर परतफेड सुरू होताना तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ५,१५४ रुपये पडतो. मुदत पंधरा वर्षे केली तर तो ४,१९१ वर उतरतो खरा. पण एकूण भरणा सुमारे ६ लाख १८ हजारांवरून ७ लाख ५४ हजारांवर जातो. हलका हप्ता हा स्वस्त हप्ता नव्हे. वीस हजारांच्या वेतनातून कपाती, घरखर्च व प्रवास वजा जाता पाच हजार काढणे किती कठीण, हे सांगावयास नको.

बँक संघटनेच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. स्वतःच्या मालकीचे घर नसलेल्या कुटुंबास ही सोय मोलाची. मात्र कर्ज थकल्यास त्याची झळ पालकांच्या पतीलाही बसते. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास केंद्राच्या योजनेतून शिक्षणकाळातील व्याजाचे अनुदान मिळू शकते, परंतु संस्था व अभ्यासक्रम त्या योजनेत बसले पाहिजेत. २०२४ मध्ये व्यवस्थापनाच्या पदव्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यावर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावे बदलली. म्हणून प्रवेशापूर्वीच ही चौकशी बँकेत करावी.

अनुदान न मिळाल्यास शिक्षण चालू असतानाच व्याज भरण्याचा मार्ग उरतो. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७ आणि त्यापुढे २,५०० रुपये भरल्यास मुद्दल तीन लाखच राहते व दहा वर्षांचा हप्ता ३,९६५ वर येतो. काही बँका असे व्याज भरणाऱ्यास दरातही थोडी सूट देतात.