सांगवी ते पुणे, आणि परत

‘कोसला’ ही कादंबरी 1963 साली देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा भालचंद्र नेमाडे अवघे पंचविशीचे होते. तिच्या नायकाची, पांडुरंग सांगवीकरची, गोष्ट या अंकाच्या वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. माझं भांडण तिच्या वाचनाशी आहे. आमच्याकडच्या काही विद्वानांनी तिला कामू आणि सॅलिंजरच्या पंगतीला बसवलं आणि हात धुतले. प्रभाव असेलही. पण यावल-रावेरच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तिच्यात आधी दिसतो तो बापाचा पैसा. शेतातून निघालेला पैसा पुण्याच्या होस्टेलात जातो, पोरगा मेसचा सेक्रेटरी होतो, मित्रांच्या भिडेखातर खर्च वाढत जातो, आणि हिशेब शेवटी गावात, वडिलांपुढे द्यावा लागतो. धाकटी बहीण जाते तेव्हा तर शहरात मिळवलेलं शहाणपण काडीच्या कामाचं उरत नाही. एवढं सगळं ‘अस्तित्ववाद’ या एका शब्दात कोंबणाऱ्यांनी केळीच्या बागेचा खर्च कधी मांडला नसावा.

आमच्या पिढीची पोरं भुसावळला गाडीत बसत तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा बिबड्या-कुरडयांचे डबे जास्त असत. वसतिगृहात डबा उघडला की खोली भरून जाई. बोलायला तोंड उघडलं की मात्र हशा पिकायचा. पहिल्या सहामाहीत कितीतरी पोरं वर्गात गप्पच बसत आणि खोलीवर आली की लेवा बोलीत नाहीतर अहिराणीत मोकळी होत. पांडुरंगाची तिरकी बडबड या गप्प बसण्यातून आलेली आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

‘बिढार’ (1975), ‘जरीला’ (1977), ‘झूल’ (1979) या नेमाड्यांच्याच पुढच्या कादंबऱ्यांतला चांगदेव म्हणजे नोकरीच्या पाठी गावोगाव बिऱ्हाड हलवणारा प्राध्यापक. नेमाडे स्वतः धुळ्यात शिकवत होते. मुफसल कॉलेजांचं जग त्यांनी आतून पाहिलेलं. ‘हिंदू’वर (2010) इतकं लिहून झालंय की तिथं थांबत नाही.

बाहेरून आमच्याकडे येण्याचा उलटा प्रवास मात्र सगळे विसरतात. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयात खेड्यांतून आलेल्या मुलांना त्यांनी आईच्या मायेनं सांभाळलं. ‘श्यामची आई’ पुढे नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली गेली. त्या श्याममागे अमळनेरला आईवाचून राहणारी आमची पोरंही उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे. गुरुजींना ‘रडके’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी परगावी एकट्यानं ताप काढून पाहावा.

आज शिरपूर-साक्री-चोपड्याची पोरं स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात झुंडीनं आहेत. एका खोलीत चार-पाच जण, दिवसभर अभ्यासिकेतली भाड्याची खुर्ची, आणि घरून पैसे यायला उशीर झाला की एक वेळची मेस बंद. वय निघून गेलं तरी गावी तोंड दाखवायची हिंमत होत नाही. इतका ऐवज समोर असताना माझ्याकडे येणारी बाडं निघतात दुष्काळावर आणि सरपंचकीवर. नायक पुण्याच्या गाडीत चढला की कादंबरी संपते. मला त्या गाडीपुढचं वाचायचंय: खोलीचं डिपॉझिट कुणाकडून उसनं घेतलं, निकालाच्या दिवशी घरी फोनवर काय खोटं सांगितलं, ते. ज्यांनी ते भोगलंय त्यांनी लिहावं. अक्षर कसंही असो, मी रात्र जागून वाचीन.