ठसका लागला की… लघवीची गळती आणि शस्त्रक्रियेबद्दलचे गैरसमज

मावशीच्या स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की आम्ही सगळे खोकत अंगणात पळायचो. मावशी मात्र ओटा घट्ट धरून, गुडघ्याला गुडघा दाबून जागच्या जागी उभी राहायची. ठसका ओसरला की मुकाट्यानं न्हाणीघरात जायची आणि परकर बदलून यायची. हे कित्येक वर्षं चाललं होतं. तिनं भजनी मंडळ सोडलं, एसटीचा लांबचा प्रवास सोडला, लग्नाकार्यात पाणी पिणं सोडलं. घरात कुणाला पत्ता नव्हता. माझ्या बाळंतपणानंतर शिंकताना माझेही कपडे ओले झाले आणि मी रडवेली होऊन तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझं धाकट्याच्या वेळेपासून असंच आहे."

पुढे मला व्यायामानं गुण आला, तिला शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षभरात शेजारणींकडून, नात्यातल्या बायकांकडून सल्ल्यांचा पाऊस पडला. त्यातले बरेच सल्ले चुकीचे होते, काही तर घातक. म्हणून हे लिहिते आहे.

गैरसमज : बाळंतपणं झाली, वय झालं, की हे चालायचंच.

वस्तुस्थिती : हे अनेकींना होतं हे खरं, पण म्हणून ते सोसत राहायला हवं असं नाही. मूत्राशय आणि मूत्रमार्गाला खालून स्नायूंचा आणि स्नायूंवरच्या आवरणाचा झोळीसारखा आधार असतो. नैसर्गिक बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं उचललेली ओझी आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांनी ती आणखी सैल पडते. खोकताना, शिंकताना, हसताना पोटातला दाब एकदम वाढतो, सैल आधार मूत्रमार्ग बंद ठेवू शकत नाही आणि लघवी सुटते. बिघाड कुठे आहे हे सांगता येतं, त्यामुळे त्यावर इलाजही करता येतो. पाणी तोडणं हा मात्र इलाज नाही. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चिडतं आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

गैरसमज : गळती म्हणजे गळती. ऑपरेशन केलं की थांबते.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त निराशा या एका गैरसमजातून येते. गळतीचे मुख्य प्रकार दोन. खोकताना, उडी मारताना, हंडा उचलताना सुटते ती दाबाची गळती. अचानक जोराची लागते आणि संडासापर्यंत पोहोचेतो कपडे भिजतात ती घाईची गळती. मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्या प्रकारात लघवी धरण्याची सवय हळूहळू वाढवणं, औषधं आणि गरज पडली तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं हे उपाय आहेत. अनेकींना दोन्ही त्रास एकत्र असतात, आणि मग ऑपरेशननंतर खोकल्याची गळती थांबली तरी घाई उरते. अवघड बाळंतपणानंतर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर ते बहुधा मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधलं छिद्र असतं. त्याची दुरुस्ती वेगळी.

प्रकार ठरतो तो मुख्यतः बाईच्या सांगण्यावरून. डॉक्टरांनी मावशीला तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं होतं : किती प्यायलात, कितीदा गेलात, कधी सुटली, तेव्हा काय करत होतात. नंतर मूत्राशय भरलेलं असताना तपासणीच्या टेबलावर खोकायला सांगितलं. मावशी आधी घशातल्या घशात खोकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी खोकता तसं खोका." ती खोकली, गळती झाली आणि मावशीनं पदरानं तोंड झाकलं. बाई म्हणाल्या, "झाकू नका. हेच तर बघायचं होतं."

गैरसमज : व्यायामानं काही होत नाही, थेट ऑपरेशनच करून टाका.

वस्तुस्थिती : अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीतळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. आजही दाबाच्या गळतीवरचा पहिला उपचार तोच आहे. २०१८ साली कॉक्रेन संस्थेनं जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायाम करणाऱ्या बायकांपैकी ५६ टक्के जणींनी गळती थांबल्याचं सांगितलं, व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. मात्र व्यायाम बरोबर हवा आणि निदान तीन महिने रोज हवा. पुष्कळ जणी मांड्या नाहीतर पोट आवळतात आणि खरा स्नायू हलतही नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतलेलं बरं. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी फरक दिसतो.

पण व्यायाम सगळ्यांना पुरतो असंही नाही. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र गळती असलेल्या ४६० बायकांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपीनं सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. त्या व्यायामाला कंटाळल्या असं म्हणणं अन्याय होईल. त्यांचा आधारच तेवढा सैल झालेला होता.

गैरसमज : पिशवी काढली की गळती थांबते.

वस्तुस्थिती : थांबत नाही. गर्भाशय आणि मूत्राशय शेजारी असले तरी कामं वेगळी, आधार वेगळे. उलट गर्भाशय काढल्यानंतर गळतीसाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण वाढलेलं स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या ओटीतळावर काय ताण येत असेल, याची कल्पना करा. तिनं "खाली त्रास आहे" एवढं म्हटल्यावर त्रास कोणता हे विचारायच्या आधीच "पिशवी काढून टाका" असं उत्तर मिळणं, हा तिच्यावर केलेला अन्याय आहे.

गैरसमज : ऑपरेशन म्हणजे पोट फाडणं आणि महिनाभर खाट.

वस्तुस्थिती : पोटावर छेद घेऊन मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग टाक्यांनी वर उचलून धरणारी बर्च यांची शस्त्रक्रिया १९६१ पासूनची. ती आजही होते, आता बऱ्याचदा दुर्बिणीतून. दुसऱ्या शस्त्रक्रियेत बाईच्याच पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून ती मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवतात. तिसरा मार्ग स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडला. त्यात पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली, साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी लहानशा छेदांतून मूत्रमार्गाखाली सरकवतात. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांच्यासाठी मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलचं इंजेक्शनही असतं. त्याचा गुण कमी, आणि ते पुन्हा द्यावं लागू शकतं.

मावशीची पट्टीची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आसपास चालली. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. मोकळी लघवी होते का आणि मूत्राशयात किती उरते, हे मोजल्यावरच घरी सोडलं. चालणं-फिरणं लगेच सुरू झालं, पण सहा आठवडे जड उचलायचं नाही आणि शरीरसंबंध ठेवायचे नाहीत, अशी ताकीद होती. खरी अडचण इथेच आली. चालत्याबोलत्या बाईला घरात कुणी आजारी मानत नाही. चौथ्या दिवशी ती पाण्याचा हंडा उचलायला निघाली आणि काकांनी तो तिच्या हातातून घेतला, तो त्यांनी आयुष्यात उचललेला पहिला हंडा असावा.

गैरसमज : "जाळी अगदी निर्धोक" किंवा "जाळी म्हणजे सत्यानाश."

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची, आणि दोन्हींची किंमत बायकांनीच मोजली आहे. योनीमार्गातून दोन वेगळ्या कामांसाठी प्लास्टिकची जाळी बसवली जायची : गळतीसाठी अरुंद पट्टी, आणि अंग बाहेर येण्याच्या त्रासासाठी मोठा तुकडा. जास्त तक्रारी मोठ्या तुकड्याबद्दलच्या होत्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०११ साली त्याबद्दल गंभीर इशारा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये त्याची विक्री थांबवायला लावली. अरुंद पट्टीला तो आदेश लागू नव्हता.

तरी पट्टीनंही काही जणींना जायबंदी केलं. स्कॉटलंड, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या : चालताना जांघेत सुरी फिरल्यासारखं दुखतं, संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचतं, लघवीला सारखा संसर्ग होतो. जाळी मांसातून बाहेर डोकावत होती, आणि ती पूर्ण काढणं फार अवघड होतं. "तुमच्या मनाचे खेळ आहेत," असं त्यांतल्या अनेकींना ऐकवण्यात आलं. त्यांनी एकमेकींना शोधलं, संघटना उभ्या केल्या, संसदेपर्यंत गेल्या. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडनं गळतीसाठीची पट्टीही थांबवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी या बायकांची माफी मागितली. २०२० साली जुलिया कंबरलेज यांच्या समितीनं ब्रिटनमध्ये दिलेल्या अहवालात, व्यवस्थेनं बायकांचं ऐकलं नाही, हे स्वच्छ शब्दांत नोंदवलं. न्यूझीलंडनं २०२३ साली पट्टी थांबवली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. उत्तर युरोपात सुरुवातीला पट्टी बसवलेल्या बायकांना १७ वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तपासणीला आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींची खोकल्याच्या चाचणीत गळती होत नव्हती. थोडक्यात, बहुसंख्य बायकांना मोठा फायदा आणि थोड्यांना दीर्घकाळाचं दुखणं. आपण त्या थोड्यांत असू का, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच निर्णय बाईचा असायला हवा, आणि तो सगळं ऐकून घेतल्यावर. पट्टी नको असेल तर स्वतःच्या शरीरातल्या आवरणाचा पर्याय आहे, त्यात छेद मोठा आणि सावरायला वेळ जास्त लागतो.

गैरसमज : एकदा ऑपरेशन झालं की जन्माची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : काहींना लघवी करायला जोर लावावा लागतो, काहींना नव्यानं घाई सुरू होते, काहींची गळती वर्षांनंतर थोडी परतते. पुढे मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया सहसा लांबणीवर टाकतात. ओटीतळाचे व्यायाम नंतरही चालूच ठेवायचे.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : माझी गळती कोणत्या प्रकारची? व्यायाम पुरेसा करून पाहिला का? शरीरात काही कायमचं बसवणार आहात का, असल्यास काय, आणि त्याचं नाव मला लिहून मिळेल का? त्रास झाला तर ते कोण काढू शकेल? अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? या प्रश्नांचा राग येणाऱ्या डॉक्टरांकडून उठून दुसऱ्याकडे जावं.

मावशी आता फोडणीच्या ठसक्याला आमच्याबरोबर मोकळेपणानं खोकते. परवा ती पुन्हा भजनाला गेली आणि इतके दिवस का येत नव्हते, हे तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बायका पांगल्या. तिघी जणी मात्र चपला शोधायचं निमित्त करून मागे थांबल्या.