शिक्षण आणि सुटणारी विडी

शरीरातले निकोटीन साधारण २ तासांत निम्मे होते आणि तलफ येते. पुण्याच्या मार्केट यार्डातला हमाल असो की महाविद्यालयातला प्राध्यापक. मग धूम्रपान सोडण्यात शिकलेले अधिक यशस्वी का? ब्रिटनमधील पाहण्यांत दिसले की, प्रयत्न सर्व थरांतले लोक जवळपास सारखाच करतात. फरक पडतो तो टिकण्यात. आम्हांला वाटते, कारण पदवीपेक्षा परिसरात शोधावे. प्राध्यापकाला वर्गात विडी ओढता येत नाही. हमालाला मात्र विसाव्याच्या वेळी शेजारीच विडी पुढे करतो. शिवाय आपल्याकडे २००९ पर्यंत वेष्टनावरचा इशारा नुसत्या अक्षरांत होता. निरक्षराला तो असून नसल्यासारखाच! त्या वर्षी ३१ मेपासून चित्रे आली. २०१८ पासून मदतीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही छापतात. त्याला आकडे ओळखता आले की पुरे.